दिव्याची परतवाट

भोरघाटातून जाणारा मुंबई-पुणे रस्ता १८३० साली चाकाच्या वाहनांना खुला झाला आणि त्यानंतर कित्येक पिढ्या त्या रस्त्याने रात्रीच्या मुक्कामाला निघालेल्या बैलगाडीच्या आसाखाली एक कंदील लोंबकळत राहिला. त्या कंदिलाचा उजेड चाकांच्या आऱ्यांच्या सावल्या धुळीवर फिरवण्यापलीकडे फारसे काही करीत नसे, आणि त्याच्याकडून अधिक अपेक्षाही कोणी ठेवीत नसे. तो दिवा वाट दिसावी म्हणून नव्हे, तर गाडी इतरांना दिसावी म्हणून टांगलेला असे. वाट बैलांना ठाऊक होती. गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल वळणावर वळत, कड्याजवळ थबकत. टांग्याच्या अथवा बग्गीच्या बाजूला लावलेल्या दिव्यांचीही कथा हीच. मोटार रस्त्यावर आली तेव्हा ओढणाऱ्या जनावराचे डोळे प्रथमच नाहीसे झाले आणि वाहन हाकणाऱ्या माणसाला, घोड्याच्या दौडीहून अधिक वेगाने जात असता, पुढचे शंभर पावलांचे अंतर स्वतःच्या नजरेने तपासून पाहण्याची गरज निर्माण झाली. ज्याला आपण आज हेडलाईट म्हणतो, आणि आमच्या वडिलांच्या पिढीतील चालक ज्याला साध्या शब्दांत ‘बत्ती’ म्हणत, त्याचा जन्म या गरजेतून झाला.

पहिली बत्ती विजेची नव्हती. १८९२ साली कॅल्शियम कार्बाईड मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची युक्ती सापडली आणि तिच्यामागोमाग मोटारींच्या पुढे ॲसिटिलीन वायूचे पितळी दिवे झळकू लागले. खालच्या भांड्यात कार्बाईडचे खडे, वरच्या भांड्यात पाणी, मध्ये एक बारीक तोटी. थेंब थेंब पाणी खड्यांवर पडले की वायू सुटे, तो नळीवाटे दिव्यापर्यंत जाई आणि तेथे काडी ओढून तो पेटवावा लागे. ज्या लुई ब्लेरियोने २५ जुलै १९०९ रोजी विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली, त्याच्या विमानविद्येच्या प्रयोगांना पैसा पुरवला तो त्याच्या मोटारदिव्यांच्या धंद्याने, ही गोष्ट मला नेहमी मोठी अर्थपूर्ण वाटत आली आहे. या दिव्यांचा उजेड शुभ्र आणि प्रखर असे, परंतु त्यांची देखभाल म्हणजे एक नित्यकर्मच होते: भांडी धुवायची, चुन्याचा गाळ काढून टाकायचा, तोटीत अडकलेली काजळी केसासारख्या तारेने टोकरायची. वायू गळाला तर उग्र वास येऊन तो आपण होऊन वर्दी देई. दोष कोठे आहे हे नाकाला कळे, डोळ्याला दिसे. विजेने हे सारे बदलले.

१९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग याने इंजिन सुरू करणे, ठिणगी पाडणे आणि दिवे लावणे ही तिन्ही कामे एका विद्युत्-व्यवस्थेत गोवली, तेव्हापासून बत्तीचा कारभार बॅटरी आणि डायनॅमो यांच्याकडे गेला असे ढोबळमानाने म्हणता येईल. त्या आरंभीच्या दिवसांत अनेक कारखानदार प्रत्येक दिव्याला दोन तारा देत असत: एक वीज नेणारी, दुसरी परत आणणारी. लवकरच त्यांच्या ध्यानात आले की गाडीचा सांगाडा आणि पत्रा ही सारी लोखंडाची, म्हणजे विजेला वाट देणारीच वस्तू आहे. मग परतीची तार हवीच कशाला? बॅटरीचे एक टोक सांगाड्याला जोडावे, दिव्याचे एक टोक जवळच्या पत्र्याला, म्हणजे अर्धे तांबे वाचले. ही कल्पना तारायंत्रवाल्यांची. म्युनिकच्या श्टाइनहाइलने १८३८ साली दाखवून दिले होते की परतीची तार काढून टाकून तिच्या जागी प्रत्यक्ष जमिनीचा उपयोग करता येतो, आणि मोटारीच्या परतवाटेला जो ‘अर्थ’ हा शब्द चिकटला तो तेथूनच, जमिनीवरून. रबरी चाकांवर उभ्या असलेल्या गाडीचा जमिनीशी काही संबंध नसतानाही नाव टिकून राहिले, आणि आमच्या गॅरेजांतून ‘डाव्या दिव्याला अर्थ मिळत नाही’ हे वाक्य मराठीचेच असल्यासारखे रूढ झाले.

या काटकसरीचे मोल मात्र पुढे सर्वांनी चुकते केले. दोन तारांच्या रचनेत शॉर्ट होण्यासाठी दोन तारांची कातडी सोलली जाऊन त्या परस्परांना भिडाव्या लागत; एका तारेच्या रचनेत गाडीचे अंगच परतवाट असल्यामुळे वीज नेणारी कोणतीही तार कोठेही, एका मोहरीएवढ्या जागी उघडी पडून पत्र्याला टेकली की पुरे. दिव्यात शिरून, त्याच्या तंतूचा विरोध सोसून, उजेड देऊन परतायचे ते सोडून वीज मधल्यामध्ये त्या जवळच्या वाटेने बॅटरीकडे पळते, आणि विरोध असा काहीच न उरल्याने बारा व्होल्टची ती निरुपद्रवी वाटणारी बॅटरी शेकडो अँपिअर ओकू लागते. ४५ वॉटच्या बत्तीला बारा व्होल्टवर पावणेचार अँपिअर पुरतात. त्या हिशेबाने निवडलेली बारीक तार असल्या लोंढ्यापुढे क्षणात लाल होते. तिच्यावरचे रबर आणि सुताचे वेष्टन नवे असताना ठीक. परंतु इंजिनाच्या धगीत पाचदहा वर्षे शेकलेले रबर पापडासारखे ताठ होते आणि वाकवले की तडकते. प्लास्टिकचे वेष्टन आल्यावर हा दोष कमी झाला, गेला नाही.

मुंबईत मोटारीच्या वीजजोडणीच्या या विद्येची तीन घराणी एकत्र नांदली. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ साली गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता आणि त्यामुळे, तसेच आयातीमुळे, अमेरिकन गाड्या शहरात विपुल होत्या. त्यांची बॅटरी सहा व्होल्टची, म्हणजे तेवढ्याच उजेडासाठी दुप्पट प्रवाह आणि त्यामुळे तारा जाड. १९४० पासूनच्या अमेरिकन गाड्यांत काच, आरसा आणि तंतू एकाच बंद घुमटात असलेला सात इंचांचा दिवा येई. तंतू तुटला की सबंध दिवाच बदलावा लागे. दुसरे घराणे इंग्रजांचे, म्हणजे प्रामुख्याने बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्युकसचे. १८७९ साली सायकलीच्या चाकात टांगायचा तेलाचा दिवा विकून नावारूपाला आलेल्या या पेढीने पुढे ब्रिटिश मोटारींची जवळजवळ सारी वीजव्यवस्था आपल्या अंमलाखाली आणली. तारांच्या रंगांचा तिचा शिरस्ता तर एखाद्या दफ्तराप्रमाणे काटेकोर होता: बॅटरीची तार तपकिरी, अर्थ काळी, बत्तीच्या बटणापासून निघालेली निळी, तीच पुढे अप्परसाठी, म्हणजे लांबच्या झोतासाठी, निळी-पांढरी आणि डिपरसाठी, म्हणजे जवळच्या झोतासाठी, निळी-तांबडी. १९३०च्या दशकापासून १९६०च्या दशकापर्यंत या गाड्यांचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आणि त्यांच्या बत्तीला बहुधा फ्यूजच नसे. हे वाचून आज आश्चर्य वाटेल, परंतु त्यामागे विचार होता: अंधारात, भर वेगात फ्यूज उडून दोन्ही दिवे एकदम जाण्यापेक्षा तार तापलेली परवडली, अशी त्यांची भूमिका होती. मला ती पटत नाही. तापलेली तार एकटी तापत नाही. तिच्या शेजारच्या दहा तारांना ती बरोबर घेऊन जाते.

तिसरे घराणे इटालियन. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. तीच पुढे रूप पालटत १९७०च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. बारा व्होल्ट, ऋण टोक सांगाड्याला आणि चिनी मातीच्या दांडुक्यावर धातूची पट्टी बसवलेले आठ अँपिअरचे फ्यूज. युरोप खंडातील रिवाजाप्रमाणे डाव्या-उजव्या दिव्यांचे फ्यूज निराळे. एक गेला तरी दुसरा घरापर्यंत सोबत करी. एकाच दिवशी सकाळी शेवरले, दुपारी मॉरिस आणि संध्याकाळी फियाट ज्याच्या हाताखालून जाई, त्या मुंबईच्या वायरमनला या तिन्ही घराण्यांची गायकी ठाऊक असावी लागे, आणि बॅटरीची टोके जोडण्यापूर्वी गाडी कोणाची हे पाहण्याची सवय त्याच्या अंगवळणी पडलेली असे.

या वायरमनचा धंदा मिस्त्रीच्या धंद्याहून वेगळा निघाला, याचे कारण दोषाचा स्वभावच वेगळा आहे. मिस्त्री आवाज ऐकतो, तेल हुंगतो, खेळ आलेला बेअरिंग हाताने हलवून पाहतो. विजेचा दोष अदृश्य, आणि पुष्कळदा तो हजर असतानाच सापडतो. म्हणून मोठ्या गॅरेजच्या कोपऱ्यात, अथवा रस्त्याच्या कडेला एका लाकडी खोक्यावर, ‘ऑटो इलेक्ट्रिशियन’ अशी पाटी लावून हा निराळा माणूस बसू लागला. त्याच्या हत्यारांचा पसारा अल्प: पक्कड, पेचकस, कथील आणि डाग देण्याचे लोखंड, काळी टेप, आणि दोन तारांच्या टोकाला होल्डरात बसवलेला एक साधा बल्ब. शेवटची वस्तू सर्वांत महत्त्वाची. सुटे भाग हवे असल्यास मुंबईत ऑपेरा हाऊसची पेठ अथवा कुर्ल्याचा भंगारबाजार, आणि पुण्यात नाना पेठ.

नाना पेठेजवळच्या अशाच एका दुकानात आमच्या काकांची पद्मिनी घेऊन मी श्रावणातल्या एका संध्याकाळी गेलो होतो. डाव्या डिपरचा फ्यूज उडत होता. नवा घालावा, दिवा लागे. रस्त्यावरचा पहिला मोठा खड्डा आला की पुन्हा अंधार. आधीच्या एका गॅरेजवाल्याने फ्यूजच्या पट्टीवर सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळून ‘आता नाही जायचा’ असे सांगितले होते, आणि त्याचे म्हणणे तेवढ्यापुरते खरेही होते. फ्यूज गेला नाही, डॅशबोर्डाखालून जळक्या रबराचा वास मात्र येऊ लागला. नाना पेठेतल्या त्या दुकानाच्या वस्तादांनी प्रथम ती चांदी काढून जमिनीवर टाकली.

“बाळ, फ्यूज उडाला तर फ्यूजवर कशाला रागवायचं? त्यानं वर्दी दिली. वर्दी देणाऱ्याचंच तोंड बांधलं, तर घर जळाल्यावर कळायचं.”

मग त्यांनी जे केले ते मी आजवर विसरलेलो नाही. फ्यूजच्या रिकाम्या जागी, दोन्ही पितळी चिमट्यांना, त्यांनी तो होल्डरातला बल्ब जोडला. मागच्या ब्रेकच्या दिव्याला लागतो तसला, २१ वॉटचा. डाव्या बत्तीचा बल्ब काढून ठेवला, आणि मला डिपर लावायला सांगितले. आता वाटेत कोणताच दिवा नसल्यामुळे, तार निर्दोष असती तर त्यांच्या हातातील बल्ब विझलेला राहायला हवा होता. तो विझलेलाच राहिला. म्हणजे दोष या घटकेला घरात नव्हता. आणि येथेच अननुभवी माणूस ‘गाडी ठीक आहे’ असा निवाडा देऊन मोकळा होतो. वस्ताद खाली बसले आणि फ्यूजच्या पेटीपासून पुढे तारांचा जुडगा मुठीत धरून वीतभर पुढे सरकत हलवू लागले. इंजिनाच्या भिंतीशी काही नाही. बॅटरीपाशी काही नाही. डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्याला जेथे जुडगा भोकातून आरपार जातो तेथे त्यांनी मूठ हलवली आणि तो २१ वॉटचा बल्ब लख्ख पेटला, सोडली तेव्हा विझला, पुन्हा हलवली तेव्हा पुन्हा पेटला.

या साध्या युक्तीतील शास्त्र असे, की फ्यूजच्या जागी बसलेला बल्ब पावणेदोन अँपिअरहून अधिक प्रवाह जाऊच देत नाही. शॉर्ट कितीही पक्का असो, तार तापत नाही, फ्यूज वाया जात नाहीत, आणि दोषाची हजेरी-गैरहजेरी डोळ्यांना अखंड दिसत राहते. हाताशी मीटर असूनही जुने वायरमन या बल्बालाच का चिकटून राहिले याचे उत्तर येथे आहे. लुकलुकणारा दोष आकड्यांत पकडायला डोळा आकड्यांवरच खिळवावा लागतो. बल्ब मात्र नजरेच्या कडेलाही दिसतो आणि दोन्ही हात आणि सारे लक्ष तारेसाठी मोकळे राहतात.

त्या भोकाच्या कडेला एकेकाळी रबराचे कडे होते. वस्तादांनी बोट फिरवले तेव्हा त्याचा भुगा त्यांच्या नखावर आला. उघड्या पडलेल्या पत्र्याच्या कडेने दहा-बारा वर्षे, गाडीच्या प्रत्येक हादऱ्यासरशी, तारेवर करवत चालवली होती. वेष्टनाला आडवी चीर पडली होती आणि तिच्यात तांबे, पावसाच्या पाण्याने हिरवे झालेले, तांदळाच्या दाण्याएवढे दिसत होते. चाकाने उडवलेला चिखल त्याच जागी येऊन बसत असल्यामुळे सर्व तारा एकाच मातकट रंगाच्या झाल्या होत्या. रॉकेलच्या बोळ्याने पुसल्यावर त्यांचे रंग पुन्हा उमटले. नुसती टेप गुंडाळून वस्ताद थांबले नाहीत. हिरवे झालेले तांबे त्यांनी पार तोडून टाकले, नवा तुकडा पीळ देऊन जोडला, कथलाचा डाग दिला, वर नळी चढवली, आणि भोकात बसवण्यासाठी सायकलच्या ट्यूबचा एक पट्टा कापून त्याचे कडे तयार केले. जुडगा भोकाच्या दोन्ही बाजूंना असा बांधला की तो यापुढे कडेवर घासलाच जाऊ नये. त्यानंतरच आठ अँपिअरचा फ्यूज, विनाचांदीचा, आपल्या जागी गेला.

शॉर्ट नेहमी अशाच जागी सापडतो: जेथे तार पत्रा ओलांडते, जेथे काहीतरी हलते, जेथे उष्णता अथवा पाणी पोचते, आणि जेथे मागाहून कोणीतरी हात घातलेला असतो. शेवटचे स्थळ सर्वांत सुपीक. मागून लावलेला भोंगा, धुक्याचे दिवे, टॅक्सीच्या टपावरील दिव्याची जोडणी, हे सारे जेथे मूळ तार सोलून, नुसता पीळ देऊन घेतलेले असते, तेथे अनुभवी वायरमन प्रथम जातो.

येथे एक भेद सांगितलाच पाहिजे, कारण त्यावाचून ‘शॉर्ट’ हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. बत्ती पिवळी पडली, डिपर लावला असता अप्परही मिणमिणू लागला, इशाऱ्याचा दिवा लावला की बत्ती त्याच्या तालावर मंदावते, तर मालक येऊन ‘कुठेतरी शॉर्ट आहे’ असे सांगतो. वस्तुतः हा शॉर्टच्या विरुद्ध प्रकार आहे. तेथे विजेला परतीची जवळची वाट मिळालेली नसते, उलट हक्काची परतवाटच गंजाने बंद झालेली असते, आणि म्हणून ती दुसऱ्या तंतूतून, शेजारच्या दिव्यातून, कोठून तरी आडमार्गाने बॅटरीकडे जाते. मुंबईच्या खाऱ्या हवेत अर्थचा स्क्रू जेथे पत्र्यात बसतो तेथे गंजाचा पापुद्रा धरतो आणि बारापैकी एखादा व्होल्ट तेथेच खर्ची पडतो. नुकसान मात्र तेवढ्यावर थांबत नाही. दाब एक दशांश घटला की उजेड जवळजवळ तीन दशांशांनी उतरतो. अशा गाडीवर नवे बल्ब चढवीत बसणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणे. स्क्रू काढावा, पत्रा पॉलिशपेपरने चकचकीत होईपर्यंत घासावा, पुन्हा आवळावा. तेवढ्याने पुष्कळ गाड्यांना दृष्टी आलेली मी पाहिली आहे.

बत्तीच्या या इतिहासात एक प्रकरण असेही आले, जेव्हा उजेड मुद्दाम झाकावा लागला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मुंबईवर काळोखाचा हुकूम होता. खिडक्यांना काळे कागद लागले आणि गाड्यांच्या बत्तीचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने माखला गेला. युद्ध संपले तरी ही अर्धी काळी बत्ती मालमोटारींवर आणि बसगाड्यांवर कित्येक वर्षे दिसत राहिली, कारण समोरच्याचे डोळे दिपत नाहीत हा तिचा गुण लोकांना पटला होता.

१९७१ च्याच सुमारास युरोपात दोन तंतूंचा हॅलोजन बल्ब आला, साठ आणि पंचावन्न वॉटचा, आणि काही वर्षांनी तो येथील जुन्या गाड्यांतही बसू लागला. तोवर ठीक होते. परंतु हौशी चालकांनी पुढे शंभर आणि नव्वद वॉटचे बल्ब त्याच जुन्या तारांवर आणि त्याच जुन्या बटणांवर लादले, तेव्हा दोन दिव्यांसाठी साडेसात अँपिअरच्या हिशेबाने घडवलेल्या बटणाला सोळा अँपिअरहून अधिक ओझे वाहावे लागले. ही बटणे आतून वितळून येत. चांगला वायरमन अशा वेळी रिले लावून देई, म्हणजे बॅटरीपासून बत्तीपर्यंत जाड तार सरळ, फ्यूजसकट, आणि जुने बटण नुसते हुकूम सोडण्यापुरते. या एका सुधारणेने जितक्या पद्मिनी जळण्यापासून वाचल्या असतील तितक्या दुसऱ्या कशानेही वाचल्या नसाव्यात, असे माझे मत आहे.

२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून उठली. खासगी मालकांकडे जपून ठेवलेल्या काही गाड्या अद्याप आहेत, आणि त्यांची बत्ती बिघडली की मालक वायरमन शोधीत फिरतात. संगणक जोडून दोष वाचणाऱ्या नव्या कारागिरांना या गाडीत संगणक जोडायला जागाच सापडत नाही. आमच्या काकांची गाडी त्यांच्यामागे माझ्याकडे आली. गेल्या पावसाळ्यात तिचा उजवा डिपर गेला, तेव्हा मी फ्यूजच्या रिकाम्या चिमट्यांना २१ वॉटचा बल्ब लावला, बत्तीचा बल्ब काढून ठेवला, आणि फ्यूजच्या पेटीपासून जुडगा मुठीत धरून वीतभर, वीतभर पुढे सरकू लागलो. उजव्या मडगार्डच्या भोकापाशी तो पेटला.